बाजरीच्या बारा भाकरी आणि पाच हरणं

माझं अर्धं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलं आणि उरलेलं टँकर चालवण्यात. गावाकडं, माण तालुक्यात, टँकर येणार म्हटलं की घागरी घेऊन पळायचो. कतारला आलो आणि मीच टँकरवाला झालो. वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस होते. दोह्याच्या उत्तरेला नव्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि तिथल्या माणसांना प्यायचं पाणी पोचवायचं काम माझ्याकडं होतं. दुष्काळी माणसाच्या हातात पाण्याचा व्हॉल्व्ह दिला की त्याला थोडा माज येतोच. मला जरा जास्तच आला.

कतारला हिवाळा असतो हे आमच्या गावात कुणाला पटत नाही. पण उत्तरेचा वारा सुटला की जाकिटावर जाकीट चढवावं लागतं. त्या दिवसांत दोन पाऊस झाले तरच तिथल्या माळावर जनावराच्या तोंडाला लागेल एवढं गवत उगवतं. त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. त्यात आमच्या रस्त्याचं कुंपण पडलं, आणि कुठल्यातरी राखीव रानातून भटकत आलेली पाच हरणं जुन्या आणि नव्या कुंपणाच्या मध्ये अडकली. शेळीएवढी, वाळूच्या रंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्यातल्या एका मादीचा कान फाटलेला होता. तिला मी कानफाटी म्हणायला लागलो.

आमच्याकडं दुष्काळात सरकार चारा छावणी उघडतं. जनावराच्या कानात बिल्ला, पुढ्यात वैरण आणि वहीत नोंद. लहानपणी एक अख्खा उन्हाळा मी छावणीत गुरांजवळ झोपून काढलाय. तेव्हा पाच जनावरांची छावणी चालवायला कुणाला काय विचारायचं? गावाकडच्या छावण्यांत कागदावर जनावरं जास्त आणि दावणीला कमी असायची. माझ्या छावणीत कागदावर एकही नव्हतं. आजवरची सगळ्यात प्रामाणिक छावणी तीच, असं माझं अजूनही मत आहे.

सिमेंटची दोन जुनी घमेली घासून घेतली आणि रोज त्यात पाणी सोडायला लागलो. माझ्या वाटेवरच खेळाडूंच्या सरावाचं एक मैदान तयार होत होतं. तिथला माळी कापलेलं गवत पोत्यात भरून फेकून द्यायचा. त्याला चहा पाजायचा आणि एक पोतं केबिनमध्ये टाकायचं. वर्ल्ड कपची हिरवळ खेळाडूंच्या आधी माझ्या हरणांनी चाखली.

कुणी तिकडं फिरकू नये म्हणून स्टोअरमधून एक पाटी उचलून आणून रोवली. ‘धोका, खोल खड्डा’ अशी इंग्रजीत पाटी होती. आमचे सेफ्टी ऑफिसर पुण्याचे, पाटीवर देवासारखा विश्वास ठेवणारे. त्यांच्या यादीत तिथं खड्डा नव्हता, पण पाटी तर होती. दोनदा ते मुद्दाम आले, नियमात सांगितलेलं अंतर राखून उभे राहिले, टाचा उंचावून खड्डा शोधला आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेले. मी टँकरमागं तोंडात रुमाल कोंबून हसत होतो.

सगळं झकास चाललं होतं. मग भोगी आली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायचीच, हा आमच्याकडचा शिरस्ता. जो न खाई भोगी तो सदा रोगी. एशियन टाउनच्या बाजारातून मी पीठ आणलं आणि आमच्या कामगार कॅम्पच्या आचाऱ्यापुढं ठेवलं. आचारी मालवणकडचा. तो पिशवीत डोकावून म्हणाला, “आमच्याकडे ह्या कोंब्यांक घालतत.” बाजरी त्याच्या लेखी कोंबड्यांचं खाद्य. शेवटी मीच थापायला बसलो. सवयीनं घरच्या मापानं थापल्या, आणि खाणारे निघाले आम्ही तिघंचौघं. बारा भाकरी उरल्या.

त्या मी छावणीवर नेल्या. सणाच्या दिवशी दावणीच्या जनावराला घास द्यायचा असतो, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बाकीच्या चौघांनी वास घेऊन तोंडं फिरवली. कानफाटी मात्र आता माझ्यापासून दहा पावलांवर यायची. तिनं तुकडा तुकडा करत जवळजवळ सगळ्या संपवल्या आणि मी टँकरच्या पायरीवर बसून कौतुकानं बघत राहिलो.

उपाशी जनावराला एकदम धान्य घालू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. मला ते माहीत होतं. मायेत अक्कल गहाण पडली.

संक्रांतीच्या सकाळी पाणी घेऊन गेलो तर चार हरणं घमेल्याशी होती आणि कानफाटी लांब बसलेली. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली, मान पुढं ताणलेली. मी लगेच बायकोला फोन लावला. घरी सात शेळ्या तीच सांभाळते, गावातले लोक जनावराच्या डॉक्टरआधी तिच्याकडं येतात.

“कॅम्पातली एक शेळी फुगलीय,” मी म्हणालो.

“कॅम्पात शेळी कुनी पाळलीय?”

मग सगळं सांगावं लागलं. ती पूर्ण ऐकून घेते आणि मग सोलते, ही तिची पद्धत.

“इथं हुता तवा बी तसंच. लाड तुमी करायचं आन निस्तरायचं मी. किती भाकरी?”

“बारा.”

“अवो, एवढ्या तर तुमाला बी जायच्या न्हाईत. आता तिला धरायला जाऊ नका. रानातलं जनावर हाय, भ्यानंच मरंल. बसू देऊ नका, लांबनं चालवा. खायला काडी बी दावू नका. आन तुमच्या सायबास्नी सांगा, डाक्टर आना.”

“साहेबांना सांगितलं तर मला पहिल्या विमानानं घरी धाडतील.”

“धाडू द्या की. मग या घरी. पर तिला मारू नका.”

एजंटला दिलेले पैसे, पोरीची फी, घराचा स्लॅब, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण कानफाटी दात खात होती, तो आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. मी ऑफिसच्या कंटेनरमध्ये जाऊन सेफ्टी ऑफिसर साहेबांपुढं उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे तिथे खड्डा नाहीच?”

“नाही साहेब.”

“अहो, मी त्या खड्ड्याचे दोन रिपोर्ट वर पाठवलेत.”

माझं हरण राहिलं बाजूला, ते खड्ड्यावरच अडकले. पण बोलता बोलता त्यांनी फोनही उचलला होता. तासाभरात राखीव रानाचा सुदानी डॉक्टर पिकअप घेऊन आला. त्यानं दुर्बिणीतून बघितलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की पकडायचं नाही, चारा बंद, लांबून चालवायचं. शब्दाला शब्द बायकोचाच. आम्ही तिघं हात पसरून तिच्या मागं फिरायला लागलो. जरा घाई केली की डॉक्टर “शुवय शुवय”, म्हणजे हळूहळू, म्हणून दम द्यायचा. साहेब हेल्मेट घालून पन्नास पावलांवरून चालत होते. ती बसली की आम्ही पुढं सरकायचो, उठली की थांबायचो. दुपार सरली. मी मनात आमच्या खंडोबाला हजारदा हात जोडले, आणि त्यालाही बाजरीचा नैवेद्य कबूल करायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हं उतरताना कानफाटी थांबली. तिनं ढेकर दिला असावा, कारण मान एकदम सैल पडली. मग जबडा हलायला लागला, आडवा, हळू, लयीत. ती रवंथ करत होती. मी वाळूतच बसलो आणि रडलो. साहेबांनी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं.

मला घरी धाडलं नाही. धाडायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहिलं की खड्डा निघणार. साहेब एवढंच म्हणाले, “उद्या तो खड्डा बुजवल्याचा रिपोर्ट करतो. तुम्ही पाटी काढा.” डॉक्टरनं घमेली राहू दिली आणि पाऊस होईपर्यंत सुकं गवत किती घालायचं ते ठरवून दिलं. कुंपणात वाट करून हरणांना परत नेणं त्याचं तो बघणार होता.

संध्याकाळी बायकोला फोन केला. कानफाटी रवंथ करतेय म्हटल्यावर ती मोठ्यांदा हसली. तसं हसलेलं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

“आन सायबांनी तुमचं काय केलं?” तिनं विचारलं.

“काही नाही. नोकरी राहिली.”

पलीकडं ती शेळ्यांना वैरण टाकत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “सकाळी तुमी म्हनालात, घरी धाडतील. म्हनून कालची भोगीची एक भाकरी तुमच्या नावानं झाकून ठिवली हुती. तिळाची हाय, चार दिस टिकती. आता शेळीला घालते. एकच हाय, फुगायची न्हाई.”