जर्नल गावात, आम्ही वेशीबाहेर

इंटर सायन्सला मी कोल्हापुरात होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगांचे नियम प्रयोगशाळेच्या दारावरच लावलेले. बुडलेल्या प्रयोगाला शून्य. तीन प्रयोग बुडले की टर्म गेली, म्हणजे परीक्षेला बसायचं नाही, वर्ष फुकट. आणि जर्नल हातात नसेल तर दारातूनच परत, त्याचीही गैरहजेरीच. माझे दोन प्रयोग तापात बुडालेले. तिसरा मंगळवारी होता, आणि तो चुकवून मला चालणारच नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत जर्नल घेऊन घरी आलो, तर गावात गावपळण. घाटाखाली आमच्या भागात काही वर्षांनी देव कौल देतो आणि अख्खा गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. त्या दिवसांत गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात, मग परतायचं. हिशोब केला : शुक्रवारी निघणार, सोमवारी परत, संध्याकाळपर्यंत कोल्हापूर. जमत होतं की!

शुक्रवारी मी बैल घेऊन पुढे गेलो, सामान आईनं आणलं. वेशीवरच्या वहाळापलीकडच्या आमच्या खोपीत ट्रंक उघडली, तर कपडे होते, जर्नल नव्हतं.

"आये, माजी वही खंय?"

"देवाफुडे ठेयलंय," आई कौतुकानं म्हणाली. "हय कोंबड्यो घाण करतीत. घरात आता देवच आसा, तो राखतलो."

मी कपाळावर हात मारला. तिला वाटलं, एवढी मोलाची वही, सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली.

वहाळाच्या काठावरून आमच्या घराची कौलं दिसत. पाच मिनिटांची वाट, मध्ये घोटाभर पाणी. शनिवारी मी चपला काढल्याच. वडील मागेच उभे होते. ते गावच्याच शाळेत मास्तर.

"खंय चललस?"

"वही घेवन येतंय. कोण बघता?"

"पाय टाकू नको. तू एकटो आत गेलस तर सगळ्या गावाचा पळाप फुकट. लोकांका काय सांगू?"

चिडलो, रडलो, जेवलो नाही; पण टर्मचं कुणाला सांगितलं नाही, आईला लागलं असतं. चपला घातल्या आणि परत खोपीत येऊन बसलो. आजूबाजूला लोक मजेत होते. भजनं, फुगड्या, माशाचं तिखलं. मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

सोमवारी सकाळी मानकरी देवळातून परतले, तेव्हाच त्यांचे चेहरे पाहून मी काय ते ओळखलं. देवानं कौल दिला नव्हता. आणखी एक दिवस. बायका हसत पुन्हा चुली पेटवायला लागल्या. त्यांचं काय जात होतं म्हणा!

मंगळवारी दुपारी कौल मिळाला. मी धावत घर गाठलं, जर्नल उचललं आणि मिळेल त्या गाडीनं फोंडाघाट चढलो. बुधवारी सकाळी सरांसमोर उभा.

"डॉक्टरचा दाखला?"

"आजारी नव्हतो, सर. गावात जाता येत नव्हतं."

"पूर आला होता?"

"नाही. गाव बाहेर गेला होता."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. देशावरच्या माणसाला मी आणखी काय सांगणार? ते चांगले होते, हसले नाहीत. जर्नल सावकाश चाळलं, अक्षराचं कौतुक केलं, जर्नलचे म्हणून वीसपैकी अठरा गुण लिहून खाली सही केली. मग हजेरीचं पुस्तक ओढलं आणि माझ्या ओळीत तिसरी फुली मारली. "गुण देणं माझ्या हातात आहे," म्हणाले, "टर्म देणं नाही."

घरी कळवणं भाग होतं. कार्ड घेऊन बसलो. खरं लिहिलं असतं, तर माझं वर्ष आपण बुडवलं असं आईनं जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. आणि वडिलांना तो वहाळाचा काठ आठवला असता. म्हणून लिहिलं, अभ्यास झाला नाही, टर्म मिळाली नाही.

आठवड्यानं वडिलांचं उत्तर आलं, शाळामास्तरी अक्षरात : 'एवढा आळशी मुलगा आपल्या घरात निपजेल असे वाटले नव्हते. आई दोन दिवस जेवली नाही.'

मी ते कार्ड उलट करून जर्नलात, त्या अठरा गुणांच्या पानावर ठेवलं.