जनीमावशीचा वाटा

पनवेलच्या मासळी बाजारात जनीमावशीला कुणी "किलो कसा दिला?" असं विचारलं, की समजावं गिऱ्हाईक नवं आहे. जनीमावशी किलोनं विकत नाही. तिच्याकडे वाटा. मांदेलीचा वाटा, कोलंबीचा वाटा, बोंबलाचा वाटा. ओल्या फळीवर हातानं ढीग मांडायचे, नजरेनं सारखे करायचे, आणि गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की त्या ढिगावर वरून आणखी चार टाकायच्या. त्या वरच्या चारांमुळेच तिचं नाव. "वाटा घ्यावा तर जनीचा," असं बाजारातल्या बाकीच्या कोळणीसुद्धा म्हणतात. आता एका कोळणीनं दुसरीला चांगलं म्हणायचं, ही काय साधी गोष्ट आहे होय!

पस्तीस वर्षं असा धंदा केलेली ही बाई शेवटी एका काट्याच्या नादी लागली. आणि तोही मासळीचा काटा नव्हे, वजनाचा.

झालं असं, की मुलगा शैलेश बंदरात कामाला लागला, त्यानं सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि इतकी वर्षं रोज उरणहून पनवेलला येणाऱ्या आईला तिथं आणलं. सून मोनाली रोडपालीत वाढलेली, ऑफिसात जाणारी, गुणी पोर. बाळंतपणानंतर अंग सुटलं म्हणून तिनं वजनकाटा आणला आणि बाथरूममध्ये कोपऱ्यात ठेवला. पांढरा, चौकोनी, चकचकीत. जनीमावशीला वाटलं, सुनेनं आपल्यासाठी पाट आणला! बसली की त्यावर ऐसपैस, पाय घासायला. बुडाखाली लाल आकडे चमकले तशी अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरचे वर आले.

"आई, वजन आहे ते तुमचं," मोनाली हसून हसून भिंतीला टेकली. "चौऱ्याऐंशी!"

जनीमावशीही हसली. तिथंच संपलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. साखर ठीक, बीपी ठीक, सगळं ठीक. तरी निघताना डॉक्टर सहज बोलून गेला, "मावशी, वजनावर लक्ष ठेवा हं." आता हिला लक्ष ठेवणं ठाऊक ते एकच, बाजारात मांजरावर ठेवतात ते! नजर हटली की मासा गेला. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ काट्यावर.

आणि काट्याशी घासाघीस करायला लागली. चढायची, उतरायची, पुन्हा चढायची, एक पाय जरा हलका टाकून बघायची. पण तो मेला ऐकेल तर शपथ. मग हिनं एकेक काढायला सुरुवात केली. आधी गळ्यातली साखळी. मग कानातलं. शेवटी आईनं दिलेल्या सोन्याच्या पाटल्या, ज्या लग्नापासून हातातून निघाल्या नव्हत्या, त्याही साबण लावून ओढून काढल्या. ताटातून भात काढला. भात! कोळ्याघरची बाई कालवणाबरोबर अर्धी चपाती कुरतडत बसली, हे बघून शैलेशच्या घशाखाली घास उतरेना. मोनालीही भात सोडून बसलेलीच होती. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आई, आज किती?" आणि आकडा येईल तशी दोघींची तोंडं त्या दिवसापुरती ठरायची.

वजन उतरलं, खोटं कशाला बोला. दोन महिन्यांत चार किलो. पण खूश झालेलं माणूस गुणगुणतं, ही मुकी झाली. अकरा वाजले की पोटात कावळे कोकलायचे. गिऱ्हाइकानं मासा उलटून पाहिला तरी वसकन अंगावर जायची. बाजूला बसणारी रंजिता रोजच्यासारखा भाकरी-सुकटीचा डबा पुढं करायची, तर ही तोंड फिरवायची.

अशातच एका बुधवारी शशिकलाबाई आल्या. नवीन पनवेलच्या निवृत्त शिक्षिका, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. दर बुधवारी आणि रविवारी यायच्या, कधी घासाघीस नाही, कधी तक्रार नाही. कोलंबीचा वाटा पिशवीत घेतला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"जनीबाई, एक बोलू का? रागावू नका," त्या म्हणाल्या. "हल्ली तुमचा हात आखडलाय हो."

जनीमावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय बोलता बाय! पस्तीस वर्सांत माना कुनी असा बोलला नाय. वाटा तोच हाय!"

"असेल," शशिकलाबाई हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शब्द इकडून, चार तिकडून, मन मोकळं. त्या नुसत्या गेल्या. जनीमावशी धुसफुसत पुढचे वाटे सारखे करायला लागली, आणि एकाएकी थबकली. तिचाच हात तिला दिसला. पाटल्यांवाचून बोडका. तो हात लावलेल्या ढिगातून दोन कोलंब्या उचलून परत टोपलीत टाकत होता.

हे कधीपासून? तिला काही आठवेना. वर टाकायचा हात काढायला कधी लागला? सकाळी काट्यापाशी अंगावरचं काढ, दुपारी ताटातलं काढ. त्या हाताला आता तेवढंच येत होतं, इथंही तो काढतच होता.

"रंजिता," तिनं विचारलं, "खरा सांग. माझा वाटा लहान झालाय?"

रंजितानं विळीवर वाकलेली मान वर केली नाही. "दोन महिने सगला बाजार बोलतोय."

"मंग तू का नाय बोललीस?"

"तू चावायला उठतीस, कोन बोलेल!"

जनीमावशीच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा गेला तेव्हा हाताशी काय होतं? एक टोपली आणि जनीचा वाटा हे नाव. त्या नावावर पोर वाढवलं. तेच नाव आपण आपल्या हातानं दोन-दोन कोलंब्यांनी घालवत होतो! तिला भर बाजारात रडू आलं. पदरानं डोळे पुसले आणि रंजिताचा डबा ओढून घेतला. भाकरी खाल्ली, सुकट खाल्ली, डबा बोटानं पुसून घेतला. रंजिता त्या दिवशी उपाशी राहिली.

रविवारी पहाटे आंघोळीला गेल्यावर जनीमावशी काट्यासमोर उभी राहिली. चढली नाही. उलटा करून त्याचे सेल काढले आणि बाजूला ठेवले. मग खऱ्या पाटावर बसून कढत पाणी अंगावर घेतलं, तांब्यामागून तांब्या, घाई न करता. दंड चोळले. थेट तिच्या आईचे दंड, तसेच भरलेले. खांदे चोळले. शैलेश पोटात असताना टोपली वाहिली ती याच खांद्यांनी. पहाटेपासून दुपारपर्यंत टेका न घेता बसणारी ही बैठक. एवढं सगळं या अंगानं केलं, आणि आपण दोन महिने त्याच्यावर चोरावर ठेवतात तशी नजर ठेवली. तिला अंगाची दया आली, मग लाज वाटली, आणि मग नुसतं बरं वाटलं. किती दिवसांनी आंघोळीत गुणगुणली.

पाटल्या हातात घातल्या, तर साबणाशिवाय सरकल्या. सैल झाल्या होत्या. होतील घट्ट, ती म्हणाली, आणि सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये घालून बाजाराला निघाली. तो रिमोट दिवाळीपासून बंद होता.

शशिकलाबाई त्या दिवशी येतात की नाही, याची तिला धाकधूक होती. आल्या. जनीमावशीनं वाटा भरला, वरून चार टाकल्या, मग आणखी चार. शशिकलाबाईंनी पिशवीकडे पाहिलंच नाही, त्यांचं लक्ष हाताकडे.

"पाटल्या घातल्यात," त्या म्हणाल्या.

"व्हय बाय. चुकला होता माझा."

"अहो, मला पिशवी उचलवेल एवढंच द्या," शशिकलाबाई हसल्या.

दुपारी जनीमावशी घरी आली तेव्हा मोनाली वैतागून बाथरूममधून बाहेर येत होती. "आई, काटा बंद पडलाय. सकाळी लागला होता का? आज किती?"

"बस जेवायला," जनीमावशी म्हणाली.

तिनं मोनालीच्या ताटात भात घातला, डावानं नाही, हातानं, वाटा लावतात तसा ढीग करून. त्यावर कोलंबीचं कालवण ओतलं. मोनाली बघतच राहिली.

"आई, एवढा भात? किती होईल हा?"

"वाटा हाय तो, मोने. वाट्याला किती म्हनून विचारायचा नाय."

मोनालीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा भाताकडे. मग मान खाली घातली आणि पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि नाक ओढत, डोळे पुसत जेवायला लागली. जनीमावशीनं स्वतःचं ताट पुढं ओढलं. तसाच ढीग लावला. क्षणभर नजरेनं मापला, आणि वरून आणखी चार कोलंब्या टाकल्या.