मुरबाडपलीकडची धावपट्टी आणि बाबांचं जुनं विमान

शनिवारी पहाटे मुलुंडहून निघालो, तेव्हा बाबा कधीचे बूट घालून दाराशी बसले होते. मला रात्रभर झोप नव्हती. बाबांचं आणि त्यांच्या मित्रांचं दोन सीटचं जुनं विमान, लाकडी सांगाडा, वर कापड, विकलं गेलं होतं. सोमवारी ते ट्रकवर चढून बंगळुरूला चाललं होतं. त्याआधी बाबांना एकदा वर जायचं होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढे. भाऊ फोनवर म्हणाला, "वेडी आहेस का तू?" मी फोन कट केला.

तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत ठाणं ओलांडा. कल्याणला अडकलात की वाट लागली! आम्ही अडकलोच. बाबा सारखे आभाळाकडे बघायचे, "वारा वाढतोय गं." मी उगाच हॉर्न वाजवत होते. मुरबाडच्या अलीकडे मिसळ झकास मिळते म्हणे. पण थांबायचा धीर कुणाला? डब्यातले घावणे गाडीतच खाल्ले.

मुरबाड सोडलं की शेतांच्या मधोमध ही खासगी धावपट्टी आहे. आधी फोन करून परवानगी घ्या, नाहीतर वॉचमन फाटकावरूनच परत पाठवतो. जुहूच्या विमानतळावर जागा मिळेना, तेव्हा बाबांची टोळी इथे आली. रविवारी कोण पंखाचं कापड शिवतंय, कोण नुसत्याच गप्पा ठोकतंय, मी लहानपणी हे सगळं बघितलंय. आता विमान उडवणारे एकटे डॉमिनिक अंकल उरलेत, मरोळ गावठणातले.

"काय रे वसंता, आलास? मला वाटला, पोरगी सोडत नाय!"

"तीच घेऊन आली," बाबा ऐटीत म्हणाले.

या लोकांचा एक रिवाज आहे. उडायच्या आधी कुणीही, अगदी बघायला आलेल्या पाहुण्यानेसुद्धा, "आज नको" म्हटलं की इंजिन बंद. कारण विचारायचं नाही. चिडवेल त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं.

बाबा पुढच्या सीटवर चढले, अंकल मागच्या, पट्टे आवळले. इंजिन धडधडलं, गवत आडवं झालं. बाबांनी हात वर केला. मला वाटलं, टाटा करतायत.

"आज नको!" ते ओरडले.

इंजिन बंद. डॉमिनिक अंकल उतरले आणि चहा टाकायला निघाले. बस्स! मला इतका राग आला, इतकं रडू आलं! सोमवारी जाणार होतं ना ते! मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंकलनी डोळ्यांनीच गप्प केलं.

विमान गेलं. घरी येऊनही माझं कशात लक्ष लागेना. काल भांडी आवरता आवरता रिवाज मोडला आणि विचारलंच, "बाबा, इंजिनात काय ऐकलंत तुम्ही?"

"काही नाही. इंजिन झकास होतं." ते टीव्हीकडेच बघत होते. "मीच घाबरलो गं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मीपण घाबरले होते, बाबा. सकाळपासून."

बाबांनी टीव्ही बंद केला. "मग तू म्हणायचंस ना! माझी तरी लाज राहिली असती."