राजाची तेरवी

दरवर्षी डिसेंबर संपत आला की मला नव्या वर्षाचे बेत करायची खोड आहे. लवकर उठायचं, फिरायला जायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि रोज न चुकता लिहायचं. एका वर्षी मी खरोखर फिरायला गेलो होतो. आमच्या मुर्री गावाच्या टोकाला धानाच्या बांध्या लागतात तिथपर्यंत पोचलो, कुत्री मागे लागली आणि घरी आलो तो एका ओळखीच्या माणसाच्या ट्रॅक्टरवर बसून. त्यानंतर फिरण्याचा बेत मी फक्त बोलून दाखवतो. बायको गोंदिया शहरात वाढलेली, त्यामुळे वैतागली की तिचं मराठी आपोआप हिंदी होतं. माझे बेत ऐकून ती म्हणते, "हर साल का यही है," आणि भाजी चिरत राहते.

या वर्षी मात्र मी एकच बेत केला होता. कादंबरीचा तिसरा खंड सुरू करायचा.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. मराठीत याला सगळे फँटसीच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. सात राज्यं, उडणारा नाग, शाप विकणारे जादूगार असा सगळा पसारा आहे. दिवसा मी बँकेत काउंटरवर बसतो. तिथले लोक विचारतात की अजून ते लहान पोरांचं लिहिता का, आणि मी हो म्हणतो, कारण मागे रांग असते.

पहिले दोन खंड निघाले, वाचलेही गेले. पण दुसऱ्याच्या शेवटी मी म्हाताऱ्या राजाला युद्धात मारलं आणि तिथेच माझं घोडं अडलं. राजाला मूलबाळ नाही, सिंहासन रिकामं, सातही राज्यं एकमेकांकडे बघत उभी, आणि पुढे काय ते मला ठाऊक नाही. किती वेळा बसलो, एक ओळ पुढे गेली नाही. पुण्याचे प्रकाशक फोन करायचे. मी "चालू आहे" म्हणायचो. शेवटी त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की येत्या उन्हाळ्यात तिसरा खंड आला नाही तर वाचक विसरतील आणि मग छापण्यात अर्थ उरणार नाही. माणूस गोड बोलायला लागला की मला भीती वाटते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझी पहिली श्रोती म्हणजे आई. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी दुपारी ती अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत बसते आणि मी वाचून दाखवतो. माझे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हापासूनची ही पद्धत. वडिलांची टॉर्च अजून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे. तिला कोणी हात लावत नाही, फक्त आई अधूनमधून तिचे सेल बदलते.

आई माहेरची तिरोड्याकडची. माझ्या सातही राज्यांची तिने आपल्यापुरती सोय लावून घेतली आहे. बर्फाचं राज्य बालाघाटच्या पलीकडे, आणि धुराचा राक्षस म्हणजे तिच्या माहेराहून दिसणाऱ्या विजेच्या कारखान्याच्या चिमण्या. पहिला खंड वाचताना मी फुशारकीने सांगून बसलो की नागाची गुहा मला कचारगडावरून सुचली. तिने सूप खाली ठेवलं. जिथे लोक देवाला जातात तिथे तू साप नेऊन ठेवतोस, म्हणून तिने पुढचं ऐकायचंच बंद केलं. मी नागाला नदीपलीकडे हलवलं तेव्हा कुठे सूप परत हातात आलं.

राजावर तिचा फार जीव. हा राजा भर दिवसाही कमरेला दिवा लावून फिरतो. त्याच्यावर वाचकांनी मोठमोठे मेसेज पाठवले होते. कोणाला तो दिवा म्हणजे ज्ञान वाटला, कोणाला सत्ता. राजा कोणावर बेतला आहे असं कोणी विचारलं की मी सांगायचो, कोणावरच नाही. तो मेला ते प्रकरण मी वाचलं तेव्हा आई पाखडायची थांबली. सूप घेऊन आत गेली.

तर या डिसेंबरात मी माझा एकमेव बेत जाहीर केला, आणि आईने विचारलं, "राजा मेला, मंग त्याची तेरवी कोनं केली?"

मी समजावलं की राजाला नावेत ठेवून समुद्रात सोडलं, त्या राज्यात तेराव्या दिवशीची तेरवी नसते.

"म्हनूनच तुजी गोष्ट अडून रायली," ती म्हणाली. "तेरवी केल्याबिगर घर पुढं जात नाई. तुजं पुस्तक कसं जाईल?"

मी हसलो. पण बायको हसली नाही. तिने हिशेब केला असावा की एकतीस तारखेला पार्टी करून मी तोंड पाडून बसणारच आहे, त्यापेक्षा चार माणसं जेवली तर बरं. "कर डालो ना," ती म्हणाली. दोघींचं एकमत झालं की आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी राजाची तेरवी करायची ठरली. आम्ही तिघं आणि शेजारचं एक घर, बस.

आईने शेजारणीला भिंतीवरून सांगितलं. चूक झाली ती इथे. आमच्याकडे तेरवीच्या आमंत्रणाची कोणी वाट बघत नाही. ज्याच्या कानावर पडलं तो जातो. आणि गेल्यावर कोण गेलं असं विचारायचं नसतं. खाली मान घालून बसायचं, पंगतीला उठायचं, बाकीचं हळूहळू कळतं. शेजारणीने तिरोड्याला मामांना फोन करून एवढंच सांगितलं की तुमच्या बहिणीच्या घरी रविवारी तेरवी आहे. मामांनी पुढे कोणाकोणाला सांगितलं ते त्यांनाही आठवत नाही.

रविवारी सकाळी अंगणात चूल पेटली होती. आलू-वांग्याची भाजी शिजत होती आणि धुराने माझे डोळे लाल झाले होते. तेवढ्यात दारात जीप थांबली. मामा उतरले, मागून मामी, मागून आणखी माणसं. माझे डोळे बघून मामांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की हिंमत ठेव. मला वाटलं, पुस्तक अडल्याचं आईने त्यांना सांगितलेलं दिसतं. मीही गंभीरपणे म्हटलं, आता पुढे जायचं बघतो. त्यांना ते फार आवडलं.

मग लोक येतच राहिले. बायकोने भाताचं दुसरं गंज चढवलं, बुंदी बाजारातून आणवली. मी आईकडे बघत होतो आणि आई माझ्याकडे बघत नव्हती. अंगणात सतरंज्या पडल्या, माणसं हळू आवाजात धानाच्या भावाचं बोलू लागली. एका म्हाताऱ्या बाईला राहवलं नाही. तिने बायकोच्या कानाशी लागून विचारलं की गेलेल्याचं वय काय होतं. बायको घाईत होती आणि दुसरा खंड तिने वाचला होता. ती म्हणाली, "तीनशे."

म्हातारीने जरा विचार केला. "मंग भरलं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या कोणीतरी मलाच गाठून आजाराचं विचारलं. मी म्हटलं, आजार नाही, लढाईत पडले. पहिली पंगत उठेपर्यंत गेलेला माणूस फौजी झाला होता. दुसऱ्या पंगतीत तो सीमेवर गेला आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत त्याला सरकारी मदत मिळाली की नाही यावर दोघांची जुंपली.

त्यातच बँकेतला माझा सहकारी आला, केक घेऊन. नव्या वर्षाचं जेवण आहे असं मीच शुक्रवारी ओझरतं बोललो होतो. खोक्यावर लाल अक्षरात हॅपी न्यू इयर लिहिलेलं. त्याने अंगणात नजर टाकली, खोका पाठीमागे धरला आणि एका हातानेच नमस्कार केला. मी कुजबुजत सगळं सांगायला लागलो, पण त्याला वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलं. शेवटी आईनेच खोका मागून घेतला, केक कापला आणि बुंदीच्या बाजूला एकेक तुकडा वाढायला लावला. सगळ्यांनी तो खाल्ला. तेरवीत पानावर आलेलं टाकत नाहीत.

जेवणं होत आली तेव्हा मामांनी पिशवीतून पांढरा दुपट्टा काढला. आमच्याकडे बाप गेला की तेरवीच्या दिवशी मामा मुलाच्या डोक्याला दुपट्टा बांधतो. त्यानंतर तो मुलगा घरचा कर्ता. मामा दुपट्टा उलगडून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, गेलेल्याचा मुलगा कुठे आहे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. वरणाची बादली हातात धरून मी सगळ्यांना सांगितलं की गेलेला माणूस राजा आहे, पुस्तकातला आहे, माझ्याच पुस्तकातला.

मला वाटलं लोक चिडतील. पण एका माणसाने विचारलं की बुंदी उरली आहे का.

मामा मात्र तसेच उभे. तेरवीचा दुपट्टा घडी करून परत नेत नाहीत. खरा राजा की खोटा, हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हताच. त्यांनी मला अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "राजाले पोरगा हाय का?"

मी म्हटलं, नाही. तेच तर अडलं आहे.

"हाय," आई म्हणाली. ती ओसरीवर बसली होती. "भर दिवसा बत्ती घेऊन फिरनारा मानूस मी एकच पाह्यला. त्याले पोरगा हाय. तो पाय, वरनाची बालटी घेऊन उभा हाय."

माझे वडील भर उन्हातही खिशात टॉर्च ठेवायचे. बाजारात, लग्नात, बँकेत मला भेटायला आले तरी. कोणी हसलं की विजेबद्दल म्हणायचे, लाईनचा भरोसा नाही. त्यांच्या तेरवीला सगळं बंद होतं. आम्ही तिघंच जेवलो, चौथं पान वाढून ठेवलं होतं. मामा फोनवर होते आणि फोनवरून दुपट्टा बांधता येत नाही. राजा कोणावरच बेतला नाही असं मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आईला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं.

मामांनी माझ्या डोक्याला दुपट्टा बांधला. गाठ दोनदा सुटली. मी रडलो. बादली खाली ठेवायचंही मला सुचलं नाही, बायकोने येऊन ती हातातून घेतली.

आणि मग जेवून हात धुतलेली माणसं एकेक करून परत पंगतीत येऊन बसली. आधी कोणाच्या नावाचं जेवतो आहोत ते त्यांना ठाऊक नव्हतं. भात कमी पडला, शेजारच्या घरून आणला. गेलेल्याचं वय विचारणारी म्हातारी दुसऱ्यांदा जेवताना म्हणाली की माझे वडील तिच्या लेकीच्या लग्नात मंडपातली लाईन गेली तेव्हा नवरदेवाच्या तोंडावर टॉर्च धरून उभे होते. सगळे हसले. वडील गेल्यानंतर आमच्या अंगणात त्यांच्या नावाने इतकी माणसं हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून सुट्टी घेतली. वरच्या खोलीत, जिथे धानाची पोती असतात, तिथे माझं टेबल आहे. राजाला एक मुलगा होता आणि तो इतके दिवस सैन्याच्या भटारखान्यात वरण वाढत होता, हे मला जिन्याच्या पहिल्या पायरीवरच कळलं होतं. मी घाईने चढू लागलो तर खालून आईने हाक मारली.

तिने खिळ्यावरची टॉर्च काढली, बटण दाबून एकदा पेटवून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"घेऊन जा, बाबू," ती म्हणाली. "लाईनचा भरोसा नाई."