उन्हात बसवलेली मुलगी

डाव्या मनगटाच्या थोडं वर एक खपली धरली होती. ती पडायची, खाली ओलं लाल दिसायचं आणि पुन्हा खपली धरायची. मी सिव्हिल इंजिनिअर. वाघोलीला आमच्या साइटवर तेव्हा इमारती एकापाठोपाठ एक उठत होत्या. संगणकाच्या कंपन्यांत नुकती लागलेली पोरं-पोरी पाया खणायच्या आधीच फ्लॅट बुक करून जात होती, आणि आम्हाला मान वर करायला वेळ नव्हता. सिमेंट हात खातं हे आमच्या धंद्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून मी ती खपली सिमेंटच्या खात्यात टाकली आणि घरात सापडेल ते मलम लावत राहिले.

नवरा पॉलिटेक्निकला शिकवायचा. आम्ही एकाच वर्गातले. एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्याने माझा हात धरून उजेडाकडे वळवला.

"ही जखम दिवाळीच्या आधीची आहे."

"सिमेंट आहे."

"सिमेंट मीही शिकवतो. ते इतके महिने खात बसत नाही. उद्या दाखवायला जायचं."

ज्या कातडीवर ती खपली होती ती पांढरी होती. मला लहानपणापासून कोड आहे. दोन्ही हात, मान आणि एका गालाचा खालचा भाग. डॉक्टरांसमोर बाही वर करण्याची मला इतकी सवय होती, की त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना काही वाटण्याचं कारण नव्हतं. पन्नाशीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं, बोटाने कडा दाबून बघितल्या.

"किती दिवस झाले?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"म्हणजे सांगायला लाज वाटावी इतके."

त्या हसल्या नाहीत. "लहानपणी कोडासाठी काय काय केलं होतं?"

"कुणी जे सांगेल ते सगळं."

"बावचीचं तेल लावून उन्हात बसवायचे?"

"रोज."

त्यांनी मान हलवली. त्या हलण्यात काहीतरी होतं. मी विचारलं, "त्याचा याच्याशी संबंध आहे?"

"असेल, नसेलही. आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. तुम्ही आजही दिवसभर उन्हात असताच की. पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कशासाठी?"

"कॅन्सर आहे का ते बघायला."

घरात दूध आहे का ते बघू, अशा सुरात त्या म्हणाल्या. नंतर मला त्या सुराबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटले, पण त्या वेळी मी बाहेर येऊन स्कूटरवर बसले आणि मला किल्ली लावता येईना. नवरा म्हणाला, "मागे सरक, मी चालवतो." मी सरकले नाही. तशीच बसून राहिले, आणि हळूहळू भीतीच्या जागी संताप चढायला लागला. या कातडीपायी मी आजवर कमी ऐकलं होतं का? लोक तिला उगीच घाबरत होते. आता ती मलाच घाबरवायला निघाली होती. नाही जमायचं, असं मी मनात म्हटलं. किल्ली लागली. घरापर्यंत मीच चालवत आले.

पहिला डाग दिसला तेव्हा मी शाळेत होते. आईने वैद्य केले, सरकारी दवाखाना केला. सगळ्यांनी तेच सांगितलं, तेल लावा आणि ऊन द्या. मग विश्रांतवाडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर आई मला पोतं टाकून बसवायची. बाकीची मुलं खाली खेळत असायची. आई शेजारी पदर डोक्यावर घेऊन तांदूळ निवडायची आणि मी उठले की दंडाला धरून खाली बसवायची. कधी कधी फोड यायचे. फोड आले की औषध लागू पडतंय, असं सगळे म्हणायचे.

आमच्या आजोबांनी धर्म बदलला तो माणसाने माणसाला शिवावं म्हणून. आणि त्यांच्या नातीचा हात शाळेत कुणी फुगडीलाही धरायचं नाही. आईला ते दोन्ही एकदम दिसायचं, म्हणून तिने माझे सगळे कपडे पूर्ण बाह्यांचे शिवून घेतले. वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. "त्यांनी हात मागे घेतला तर घेऊ दे," ते म्हणायचे, "तू तुझा मागे घेऊ नकोस." पहिली नोकरी लागली त्या आठवड्यात मी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेतले. आई माझ्याशी बोलेना. वडील मात्र दुकानात माझ्याबरोबर आले होते.

तुकडा काढला, टाके पडले, पट्टी बसली. आता वाट बघायची होती. जवळच एक सायबर कॅफे उघडला होता, तिथे जाऊन मी त्वचेचा कॅन्सर शोधला. शेजारच्या खणात कॉलेजची पोरं चॅटवर खिदळत होती आणि माझ्यासमोर एकेक चित्र सावकाश वरून खाली उलगडत होतं. सगळी चित्रं गोऱ्यांची. माझा हात त्यांच्यात सहज खपून गेला असता. मला एकदम हसू आलं. दोन-तीन चित्रांनंतर मात्र हसू राहिलं नाही. वाचलेलं अर्धं समजलं नव्हतं आणि समजलेलं अर्धं पुरेसं होतं. मी उठले आणि ठरवलं, निकाल हातात येईपर्यंत पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही. एवढं मात्र मी पाळलं.

आईपासून लपवायचा विचार होता. पण एका दुपारी तिच्याकडे जेवायला गेले, आणि पट्टी लपवायला पूर्ण बाही हवी, ती माझ्याकडे नव्हतीच. तिथे शेजारच्या मावशी बसलेल्या. मी सरळ सांगून टाकलं की तुकडा तपासायला दिलाय, कॅन्सर आहे का ते बघतायत. मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"अगं, त्याला सुरी कशाला लावू दिलीस? सुरी लागली की पसरतं ते!"

"मावशी, आपण हे कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"मी आपलं काळजीने सांगते."

"काळजी राहू द्या. वरणात मीठ कमी झालंय, ते वाढा."

मावशी लवकरच उठून गेल्या. आईचा घास हातातच होता. डॉक्टर काय म्हणाल्या ते तिने विचारलं. मी सांगितलं, पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही म्हणाल्या. बावचीचं नाव मी काढलं नव्हतं. पण माझी आई काही खुळी नाही.

"तेल मीच लावत होते," ती म्हणाली.

"आई."

"तू रडायचीस. पळून जायला बघायचीस. मी धरून बसवत होते."

"मग काय करणार होतीस? मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ते तू केलंस. आणि त्याच्यामुळेच झालं असं कुणीही म्हटलेलं नाही."

"सांगणारे गेले निघून. हात तुझा."

ती रडायला लागली. मला तिची दया यायला हवी होती, पण मला रागच आला, आणि मी तो गिळला नाही. "हे बघ," मी म्हणाले, "मला स्वतःलाच भीती वाटतेय. खूप वाटतेय. तुझा अपराध उचलायला मला आत्ता हात मोकळा नाही. तू उन्हात बसवलंस, पण माझ्या शेजारी तूही बसलीस. घरात सावलीत जाऊन बसली नाहीस. एवढं मला आठवतं, बाकीचं मी मनात धरलेलं नाही."

आईने पदराने डोळे पुसले. मग माझ्या ताटात भात वाढून म्हणाली, "ऑपरेशन करायचं ठरलं तर मी येणार."

"अजून काहीच ठरलेलं नाही."

"ठरलं तर, म्हणाले मी."

त्याच आठवड्यात आमचा चौथ्या मजल्याचा स्लॅब होता. नवरा म्हणाला, रजा घे. मी म्हटलं, घरी बसून पट्टीकडे बघू का? साइटवर मिक्सर फिरत होता, माणसं घमेली वर देत होती, आणि मी सळ्या तपासत उभी होते. ती जमीन ज्यांची होती ते गृहस्थ स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायला यायचे. वाघोलीचे जुने शेतकरी, आता बिल्डरचे भागीदार. त्यांचं लक्ष पट्टीकडे गेलं.

"म्याडम, हाताला काय झालं?"

"तुकडा काढलाय. कॅन्सर आहे का बघतायत."

आजूबाजूच्या चार-पाच जणांचे हात थांबले. ते गृहस्थ इकडे तिकडे बघत म्हणाले, "आसं मोठ्यानं बोलू न्हाई."

"का? हळू बोललं की कमी होतो का तो?"

मला वाटलं, आता हे चिडतील. ते चिडले नाहीत. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "आमची आय त्याच्यातच गेली," ते म्हणाले. "कुनी नावच घेतलं न्हाई. तिला पन सांगितलं न्हाई. ती इचारायची, मला काय झालंय रं? आमी म्हनायचो, गाठ हाय, बरी व्हईल." मग त्यांनी विचारलं, "तुमाला कळलं की मला सांगाल का? काय आसंल ते?"

"सांगेन."

"मोठ्यानं सांगा," ते म्हणाले आणि नारळ घेऊन पुढे गेले. मी पुन्हा सळ्यांकडे वळले. एका तुळईत कमी पडल्या होत्या. तिथे मी सळ्या बांधणाऱ्या फिटरला असं काही झापलं की मुकादम बघतच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा, कातडीच्या वरच्या थरातच अडकलेला. खाली शिरला नव्हता. "आजूबाजूची चांगली कातडी घेऊन सगळं काढून टाकू. बहुतेक तेवढंच पुरेल. अजून वर्षभर सिमेंट म्हणत बसला असतात तर मी असं बोलू शकले नसते." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

ऑपरेशन हाताला भूल देऊन झालं. आई ठरल्याप्रमाणे आली होती. मी बाहेर आले तेव्हा ती बाकावर एका अनोळखी बाईला सांगत होती, "माझी मुलगी. इंजिनिअर आहे. कातडीचा कॅन्सर निघाला, काढून टाकला." तिचा आवाज कॉरिडॉरभर ऐकू येत होता.

साइटवर मी शब्द पाळला. मिक्सर चालू असताना, त्याच्यावरून ऐकू जाईल असं सांगितलं. त्या गृहस्थांनी हात जोडले. मग काय वाटलं कोण जाणे, जोडलेले हात सोडून त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि पांढऱ्या बोटांसकट जोरजोरात हलवला.

माझं खरं भांडण त्यानंतर झालं, तेही डॉक्टरांशी. त्या म्हणाल्या, यापुढे उन्हात पूर्ण बाह्या आणि टोपी. मी म्हणाले, जमणार नाही. का, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लोकांसाठी घालू नका," त्या म्हणाल्या. "लोकांसमोर खुशाल अर्ध्या बाह्या घाला. सावलीत." उन्हात मी पूर्ण बाह्या घालते. ऑफिसात शिरले की कोपरापर्यंत दुमडते, व्रणासकट.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. अंगावर काही नवीन उठलं की मी ते दिवसातून दहादा बघते, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मी घरात सगळ्यांशी वाकड्यात बोलते. नवरा पाठ बघून देतो, कारण मला ती दिसत नाही. "तीळ आहे, जुना आहे," तो म्हणतो. "नीट बघ," मी म्हणते. तो चष्मा शोधायला जातो. शंका आली तर आम्ही वाट बघत नाही, दुसऱ्या दिवशी दाखवायला जातो आणि तिथून मी थेट साइटवर जाते.