वाजलं तर वारा

नीलाक्का कुणालाही "बरी आहेस का" असं विचारायच्या नाहीत. माणूस समोर आलं की आधी त्याच्या पोटाकडे बघायचं आणि मग विचारायचं, "सकाळी साफ झालं का?" मी कारखान्यात कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे विचारलं, तेही मॅनेजरांच्या देखत. मी लाजून अर्धी झाले. अक्का म्हणाल्या, "लाजतीस कशाला? मॅनेजरलाबी पोट हाय की." मॅनेजर घाईनं पुढे गेले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. एका शेडमध्ये यंत्रमाग आणि शेजारच्या शेडमध्ये आम्ही बायका मशीनवर टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या. मधे नुसता पत्रा. मागांचा खडखडाट एवढा की आम्ही एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायचो. अक्कांनी त्या आवाजात तीस वर्षं काढली होती. "माझे कान मागानं खाल्ले," असं त्या सांगायच्या, जणू शेजारणीनं उसनी साखर नेली असावी इतक्या सहज. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. अंगावर इरकल, कपाळाला विभूती आणि कमरेला खोचलेली पितळी डबी. डबीत तीन कप्पे होते. एकात ओवा, एकात पादेलोण, एकात हिंगाचा खडा. नवरा लवकर गेलेला, मूल झालं नाही. मला त्या तंगी म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

आमची पोटं बिघडायला फार काही लागायचं नाही. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी शेंगाच्या चटणीशी कडक भाकरी, तीही घाईत. पाणी मुद्दाम कमी प्यायचं, कारण सारखं उठलं की काम मागे पडतं. मग दिवसभर वाकून शिवत बसायचं. चार वाजेपर्यंत एकीचं तरी पोट फुगून गच्च झालेलं असायचं. अशा वेळी अक्का चिमूटभर ओवा आणि पादेलोण तळहातावर ठेवायच्या आणि वर कोमट पाणी पाजायच्या. फारच गुबारा धरला असेल तर हिंग पाण्यात उगाळून बेंबीभोवती लावायच्या. "भाकरी चावून खा गं. पोटात दात न्हाईत तुझ्या," हे तर रोजचंच. पावटा खाऊन आलेल्या बाईला त्या जेवणानंतर शेडभोवती फेऱ्या मारायला लावत आणि स्वतः दारात उभ्या राहून फेऱ्या मोजत.

पण डबी उघडायच्या आधी त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. पोट वाजवून बघायचं. तेही माग चालू असताना कधीच नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की टॉवेलच्या गठ्ठ्यावर बाईला आडवी करायची. डाव्या हाताचं बोट पोटावर ठेवायचं, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. "ढब ढब वाजलं तर वारा. न्हाय वाजलं तर दवाखाना. माझी डबी वाऱ्याची हाय, रोगाची न्हाय." पॅकिंगमधल्या रझियाचं पोट असंच एकदा वाजलं नाही. ती ओव्यासाठी हट्ट धरून बसली, तर अक्कांनी तिला दंडाला धरून रिक्षात घातलं आणि सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. पोटात गोळा निघाला. ऑपरेशन होऊन रझिया कामावर परत आली. "अक्का नै होती तो मैं गई थी," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पुढे अक्कांना टिचकीचा आवाज ऐकू येईना. तेव्हा त्यांनी मला शिकवलं. हात त्यांचा, कान माझा. त्या पोट दाबून बघायच्या, मी टिचकी मारून ऐकायची आणि मान हलवून सांगायची. "माझ्या तंगीचा कान लई खरा," असं त्या चार जणींत म्हणाल्या की मी फुशारून जायची. घरी मला कुणी काही विचारत नव्हतं. इथं बायका माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. इतका वेळ उगाच लांबण लावली.

त्या आठवड्यात परदेशी जाणारा माल भरायचा होता. सुट्टीतसुद्धा माग बंद झाले नाहीत. आम्ही मशीनवर बसूनच भाकरी मोडत होतो. अक्का माझ्याजवळ आल्या आणि पदर थोडा बाजूला करून म्हणाल्या, "तंगी, धा दिस झाले, पोट उतरंना. बघ की जरा." दुसऱ्याचं पोट दहा दिवस उतरलं नसतं तर त्यांनी त्याला केव्हाच रिक्षात घातलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र आधी मला विचारायला आल्या.

मी बसल्या जागेवरूनच दोन टिचक्या मारल्या. माझा एक पाय मशीनच्या पायटीवर होता. माग धडधडत होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"वाजलं?" माझ्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं.

"वाजलं की. वारा आहे. ओवा खा," मी म्हणाले आणि पुढचा टॉवेल ओढला.

त्यांचा चेहरा उजळला. "तू म्हंतीस तर वाराच," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. मी दुष्टपणानं बोलले नव्हते. मला घाई होती आणि नीलाक्कांच्या पोटाला काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपला नियम त्या कशा विसरल्या, माग चालू आहेत हे त्यांना कसं कळलं नाही, असं मी नंतर कितीदा स्वतःला विचारलं. पण मागांचा आवाज त्यांच्या कानात माग बंद असतानाही असायचा. थांबलेत का चालू आहेत हे कळायला तर त्यांनी मला ठेवलं होतं.

त्यानंतर दोन महिने त्या मन लावून वाऱ्यावर उपाय करत राहिल्या. ओवा झाला, हिंग झाला, ताकातलं भाजलेलं जिरं झालं. रात्रीचं जेवण सोडलं. हात वाळले, गाल बसले आणि पोट तेवढं वाढत गेलं. "अक्का, कितवा महिना?" असं बायका चिडवायच्या. मूल न झालेल्या बाईला असं चिडवू नये हे आम्हाला कळायला हवं होतं. त्या हसायच्या. "वारा हाय गं. तंगीनं ऐकलंय." मीही हसायची.

एका दुपारी लाईट गेली आणि माग एकदम थांबले. अक्का गठ्ठ्याला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी जवळ गेले. त्यांना काही न विचारता बोट ठेवलं आणि टिचकी मारली. भरलेल्या पोत्यावर मारावी तशी ती मुकी टिचकी. जागा बदलून पुन्हा मारली. पुन्हा तेच. अक्कांनी डोळे उघडले.

"वाजलं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग दवाखाना," रझियाला म्हणाल्या होत्या त्याच आवाजात अक्का म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यात मीच बरोबर गेले. पोटात पाणी झालं होतं आणि त्यामागे गाठ होती, ती सगळीकडे पसरलेली. डॉक्टर म्हणाल्या, "एवढे दिवस काय करत होता? आधी आला असता तर काहीतरी बघता आलं असतं." अक्का ताठ झाल्या. "न्हाय बाई. दोन म्हैन्यामागं वाजत होतं. ह्या माझ्या तंगीनं ऐकलंय. तिचा कान कधी चुकत न्हाय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पहिल्या खोट्याला घाईचं निमित्त तरी होतं. या दुसऱ्याला कसलंच नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात एकदा ठरवून गेले. वॉर्डात दोन्हीकडे खाटा होत्या आणि खाटांखाली नातेवाईक बसलेले. अक्का पोटाचा डोंगर घेऊन पडल्या होत्या. मी कानाशी वाकून म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. माग चालू होते."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की."

समोर ओठ दाखवून हे बोलवेना आणि मोठ्यानं बोलायचं म्हणजे ओरडायला हवं होतं. सगळा वॉर्ड ऐकेल इतकं. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडेच बघत होती. मग मी खुणेनं झोपा म्हणाले. अक्कांनी उशीखालून डबी काढून माझ्या हातात दिली. "आता माझ्या काय कामाची? तू बायकांची पोटं बघत जा. तुझा कान खरा हाय." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

डबी माझ्याकडे आहे. ओव्याचा वास कधीच उडाला. पोट फुगलं की बायका अजून माझ्याकडे येतात आणि मी त्यांना हात न लावता दवाखान्यात जा म्हणते. त्यांना वाटतं, अक्का गेल्यापासून मला शिष्टपणा आलाय. रझिया तर माझ्याशी बोलायचीच थांबली.

दुपारी लाईट गेली, माग थांबले, की सगळ्या जणी हुश्श करून पाय पसरतात. मी उठून शेडच्या बाहेर जाऊन उभी राहते आणि माग पुन्हा सुरू झाल्याशिवाय आत येत नाही.