हलका आठवडा

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते शाळेच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. पूर्वी इथे मोडके बाक रचून ठेवत. आता भिंतीला आरसा आहे, तोही एका कोपऱ्यात तडकलेला. खाली रबरी चटया, लोखंडी दांडे, रंग उडालेली वजनं, आणि हवेत खडूची भुकटी नि ओल्या मोज्यांचा वास. मधोमध गळ्यात शिट्टी अडकवलेला, पन्नाशी उलटलेला एक बुटका माणूस, खांब रोवल्यासारखा उभा.

सारखे आवरून धरायचे म्हणून मुलं त्यांना ब्रेकसर म्हणत. नवीन मूल आलं की पहिले सहा आठवडे त्याच्या हाती नुसती झाडूची काठी. ती खांद्यांवर घेऊन बैठका मारायच्या.

"सर, मी पळायला आलोय, झाडायला नाही," एखादा कुरकुरायचा.

"मग पाठ सरळ ठेव. अशा कमानीने ना पळता येईल, ना झाडता!"

बावीस वर्षांत त्या खोलीतून एकही मूल लंगडत बाहेर पडलं नव्हतं. या एका गोष्टीचा सरांना भारी तोरा, आणि तो शोभायचाही त्यांना.

त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी दहावीत होती. लांब उडी मारायची, आणि अशी की बघणाऱ्याने श्वास रोखावा. घरी ती 'अरे मामा' करायची. शाळेत चुकून मामा म्हणाली तर दहा बैठका जास्त. रविवारी निवड चाचणी होती. निवड झाली की खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, मोठे प्रशिक्षक, पुढचं सगळं शिक्षण. चार वर्षं मामा-भाची त्या एका रविवारासाठी खपत होती.

चाचणीच्या आधीचा आठवडा हलका असतो. वजन निम्मं, विश्रांती दुप्पट. शिणलेलं अंग भरून येतं आणि पोरांना वाटतं, आता डोंगरही उचलू. सर दरवर्षी बजावायचे, "हा जोर मैदानासाठी आहे. इथे उधळाल तर याद राखा."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, संस्थेचे अध्यक्ष खोली बघायला आले. तिथे संगणक ठेवायचा विचार चालला होता. मुख्याध्यापिका बाई मागे वही घेऊन उभ्या. अध्यक्षांनी काठीवाल्या मुलांकडे पाहिलं आणि हसले.

"काय हो सर, व्यायाम घेता की साफसफाई?"

बाईही हसल्या. सरांचे कान तापले.

"सर, मी उचलून दाखवू?" भाचीने विचारलं. तीन दिवसांच्या विश्रांतीने तिचे डोळे नुसते चमकत होते.

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. सरांनी वाकून स्वतःच्या हातांनी दांड्याला वजनं चढवली.

तिने उचललं. अध्यक्षांनी टाळी वाजवली. "वा! आणखी जमेल?"

सरांनी दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो वाढवले. दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तरी तिने दांडा आपटला नाही. शिकवलं होतं तसा अलगद खाली ठेवला, आणि मग चटईवर बसली ती उठलीच नाही.

कंबरेतली चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उडीचं नाव काढायचं नाही. नंतरचं नंतर बघू.

शनिवारी बाईंनी सरांपुढे टाईप केलेला कागद सरकवला. सूचना डावलून विद्यार्थिनीने हट्टाने जास्त वजन उचलले, असं त्यात होतं.

"संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे सर. खोलीचंही मी बघते. अध्यक्ष खूश आहेत तुमच्यावर."

सरांनी खिशातलं पेन काढलं.

खोली राहिली. भिंतींना नवा रंग लागला, नवा आरसा आला. कागदाची एक प्रत टपालाने बहिणीच्या घरी गेली. ती नीट वाचून बहिणीने घडी घातली आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी सर तिच्या घरी गेले. दार बहिणीनेच उघडलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. भाची कंबरेला पट्टा बांधून पलंगावर उताणी पडली होती. कागद उशाशीच होता.

"मामा," ती म्हणाली, "तू हे वाचलं नसशील ना? नुसती सही कर म्हणाले असतील तुला घाईघाईत. मी आईला तेच सांगतेय."

आत भांड्यांचा आवाज थांबला. सर पलंगाच्या कडेला टेकले. मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरीने वाट करूनच दिली होती.

"वाचलं होतं गं," ते म्हणाले. "दोनदा वाचलं. मग सही केली."